पागेशेजारची वाट

आमच्या माळावर घोडे येणार म्हटल्यावर थोरल्या जाऊबाईंनी पहिलं काय विचारलं असेल, तर "धाकटे, लगीन कुनाचं गं?" त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या वेल्ह्याच्या बाजूला घोडं दिसायचं ते वरातीत, नाहीतर जत्रेत पोरांना फेरी मारायला. मी म्हणाले, "लगीन न्हाई बाई, दारू सोडवायचं घर हुनार हाय. घोडी मानसांना बरं करत्यात म्हनं." त्या म्हणाल्या, "वरातीत समदे पिऊनच आसत्यात. घोडीला सवय आसंल."

हसू आलं मला. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यात आधी जायचं होतं ते माझ्याच मुलाला.

एकुलता मुलगा माझा, बेचाळिशीचा. टेम्पोवर होता. खोऱ्यातला भाजीपाला नसरापूरला पोचवायचा. माघारी येताना टेम्पो कापूरहोळला गुत्त्यापाशी थांबायला लागला, आणि काही वर्षांनी टेम्पोच गेला. सून मुलीला घेऊन भोरला भावाकडं राहायला गेली. जाताना भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या पाया पडून गेली, ते मला जास्त लागलं. घरात मग तो आणि मी. त्याचे वडील, आमचे मालक, ह्याच दारूनं गेले. पोट फुगलं होतं माठासारखं. तेव्हा मी गप्प बसले होते. ह्या खेपेला गप्प बसायचं नाही, एवढं मनाशी धरलं होतं.

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. दवाखान्यात दारू उतरवून झाली की माणसांना पुढं काही महिने ठेवायला त्या जागा बघत फिरत होत्या. झाडं पाहिजेत, पाणी पाहिजे, गाड्यांचा आवाज नको. नदीच्या वरचा माझा माळ त्यांना आवडला. मी सांगितलं, "बाई, जिमीन वापरा. मला दोन गोष्टी द्या. माझा ल्योक पयला घ्या, आन् काय कुठं बांधायचं ते मला दावल्याबिगर बांधू नगा."

बाईंच्या बरोबर नकाशे काढणारी एक मुलगी होती. हुशार, नम्र, पायात मोठे बूट. तिनं माझ्या ओटीवर कागद पसरला. वाऱ्यानं उडायला लागला तसा एका कोपऱ्यावर वरवंटा ठेवला, दुसऱ्यावर तांब्या. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या सोडून, त्यांचे कागद वाचून शिकले. नकाशा वाचायला मात्र त्या पोरीनं शिकवलं. ही उत्तर, हा उतार, ह्या आठ खोल्या, हे घोडी फिरवायचं रिंगण.

"आजी, प्रत्येक खोलीच्या खिडकीतून एक तरी झाड दिसणार," ती म्हणाली.

मी म्हटलं, "झाड दिसतंय गं बाळा, पर संडास कुठं दिसंना."

तो तिनं लांब ठेवलेला. मी जवळ आणायला लावला. दारू सोडलेल्या माणसाला पहाटे घाम फुटतो, पाय लटपटतात, ते मी नवऱ्याचं पाहिलं होतं, पोराचं पाहत होते. खोल्याही तिनं एकेकट्याच्या काढलेल्या, शांतता मिळावी म्हणून. मी म्हटलं, "शांतता नगं. शेजारी खाट पायजे. रडायला लागला तर कुनी तरी कूस बदलल्याचा आवाज आला पायजे." डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून घेतलं आणि आठाच्या चार खोल्या केल्या.

घोड्यांचं घर तिनं ओढ्याकाठी काढलं होतं. कागदावर झकास दिसत होतं. मी विचारलं, "आषाढात आली हुतीस का कधी हिकडं? तितं गुडघाभर पानी आसतं. खूर सडतील जनावराचे." हे मला कसं ठाऊक? माझं माहेर आंबवडं. आजोबा भोर संस्थानात घोड्यांच्या चाकरीला होते. माझ्या जन्माआधीच संस्थान गेलं, घोडी गेली. पण आजोबांचा खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायची ती दातेरी पत्र्याची खरवडणी, आमच्या घरात खुंटीला होती. आजोबा रिकाम्या हवेत हात फिरवून दाखवायचे, मानेपासून शेपटीकडं कसं जायचं ते. डॉक्टरीणबाई तबेला म्हणायच्या, मी पागाच म्हणायचे, आजोबांसारखी. ती पागा आम्ही उचलून वर जांभळीखाली नेली. पुढं पावसात ओढ्याकाठची जागा खरोखर पाण्याखाली गेली, आणि मग माझा शब्द त्या घरात खाली पडेना झाला.

इथंच सगळं चुकलं बघा.

माळावरून एक पायवाट जायची. वरच्या आळीतून निघून नदीकडं, आणि वाटेत म्हसोबा. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड, वर छप्पर नाही. नकाशावर ती वाट नव्हती. त्या जागी दगडी गडगा काढलेला, सगळ्या बाजूंनी बंद. बाई म्हणाल्या, "आजी, पहिले तीन महिने बाहेरचं कुणी भेटायचं नाही. घरचंसुद्धा नाही. वाट बंद करावी लागेल."

मी चिडले. "वहिवाट कुनी बंद करतं का, बाई? मी नवरी हून ह्याच वाटंनं आले. मालकांना ह्याच वाटंनं नदीला नेलं. वाट आडवली तर गाव थुकंल माझ्यावर, आन् देव येगळाच." खूप बोलले. बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मान खाली घातली. वाट राहिली. पागेच्या अगदी कडेनं, मध्ये फक्त काटक्यांची वई, कमरेएवढी.

गावात माझं नाव झालं. वाट राखली म्हणून वरच्या आळीच्या बायका ओटीवर येऊन बसल्या.

दोन घोडी आली. एक म्हातारा शांत घोडा, आणि एक भोरच्या बँडवाल्याकडची वरातीची घोडी, पांढरी, एका डोळ्यात सारा, म्हणजे पांढरा पडदा, पडलेला. उजव्या कानाला हात लावू द्यायची नाही. वर्षानुवर्षं तिथं गोंडे आवळून बांधलेले असणार. बाईंची रीत अशी, की घोड्यावर बसवायचं नाही. आधी नुसतं शेजारी उभं राहायचं. मग घासायचं, चारायचं, पाणी दाखवायचं, हातात दोर धरून रिंगणात चालायचं. माणूस मनातून घाईला आलेला असला की जनावर बाजूला सरकतं, असं बाई म्हणायच्या.

मुलगा आधी पुण्याला दवाखान्यात राहून आला, मग इथं. त्याला घोडी मिळाली. पहिले दिवस ती त्याला जवळ येऊ देईना. त्याचे हात थरथरायचे, ती पाठ फिरवायची. बाईंच्या हाती मी माहेराहून आणलेला आजोबांचा खरारा पाठवून दिला.

मला हे सगळं कसं ठाऊक? वाटेनं जात होते ना मी! रोज सकाळी. कधी म्हसोबाला दिवा, कधी नदीवर कपडे. घरात नळ होता, तरी नदीवर कपडे! पदराखाली भाकरीचा तुकडा असायचा, तो वईवरून घोडीला द्यायचा आणि चोरून पोराकडं बघायचं. तो माझ्याकडं बघायचा नाही. नियम पाळत होता तो. मीच पाळत नव्हते. एका सकाळी घोडीनं मान खाली घातली आणि त्यानं तिच्या उजव्या कानामागं हात नेला. ती हलली नाही. मी कपड्यांचं गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन उभी, मान अवघडेपर्यंत.

त्याला दोन महिने झाले, थेंब नाही. मला आठवलं, मी म्हसोबाला बोलले होते. वर्षापूर्वी, तो गटारीपाशी सापडला त्या दिवशी. "माझ्या पोराची सुटू दे, तुला कोंबडा आन् बाटली दीन." आता तुम्ही म्हणाल, दारू सुटावी म्हणून दारूचाच नवस? पण आमच्याकडं म्हसोबाला बाटलीच दाखवतात. त्याला पेढे दाखवून कसं चालेल? माझ्या मनात तेव्हा एवढंसुद्धा आलं नाही, की मी बोलतेय काय. सुटली तर नवस लवकर फेडावा म्हणतात, नाहीतर देव दिलेलं परत घेतो. मला भीती ती.

नवस फेडायचा त्या रविवारी माझा गुडघा धरला. मी थोरल्या जाऊबाईंना म्हणाले, "तुमी जाऊन या. माझा नवस तुमच्या हातनं फेडा." त्या टोपल्यात सगळं झाकून घेऊन गेल्या.

दुपारी जेवायच्या वेळेला अंगणात टापा वाजल्या. बाहेर येऊन बघते तर घोडी. एकटीच. दोर मातीत लोंबतोय. भाकरीच्या वासानं माझं घर तिला ठाऊक झालं असणार, नाहीतर इकडं कशाला आली असती? मी दोर हातात धरला. तिच्या अंगाला घाम.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. पलीकडच्याच घरात राहतात त्या. सकाळीच देवावरून माघारी आलेल्या, तरी माझ्याकडं फिरकल्या नव्हत्या. खाली बसल्या आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"धाकटे, म्या त्येला परसाद दिला."

"कसला परसाद?"

"बाटलीच्या टोपनभर. देवाचा म्हनून. पागंपाशी हुबा हुता. मोठी आई म्हनून हाक मारली त्यानं. म्या म्हनलं, तुजाच नवस फेडून आले, घे, परसादाला न्हाई म्हनू नये. तो नगं म्हनत हुता गं. म्याच म्हनलं, देवाचं हाय, त्येला काय व्हतंय."

"आन् बाटली?"

"निम्मी देवावर वतली. निम्मी माघारी आनायची आसती नव्हं घरी? टोपल्यात हुती. त्यानं वईवरनं हात घातला. म्या वरडले. तो निस्ता बघितला माज्याकडं." त्या रडायला लागल्या. "म्या भ्याले. तशीच घरी आले. कुनालाच न्हाई बोलले."

सकाळपासून दुपारपर्यंत. एवढा वेळ त्या गप्प बसल्या, आणि तेवढ्यात माझा पोरगा घोडीला पाण्यावर न्यायचं निमित्त करून गेला होता. रस्त्याच्या मोरीपाशी सापडला. जिवंत होता. बाईंच्या माणसांनी उचलून आणला. मला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या ओटीवर आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "आजी, तो चुकला ह्याचा मला राग नाही, पुष्कळ जण चुकतात. पण बाटली कुठून आली ते तो सांगत नाही. तोंड मिटून बसलाय. बाकीची सात माणसं आहेत माझ्याकडं. बाटली आत कशी आली हे मला कळल्याशिवाय मी त्याला परत घेऊ शकत नाही."

जाऊबाई आतल्या खोलीत उभ्या होत्या. दाराआडून त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. आदल्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, "माजं नाव घिऊ नगंस, गावात तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई." आणि पोरगा तिकडं त्यांच्यासाठीच गप्प होता. नावं सगळी सोडून द्यायची म्हटलं, तरी खरं एकच उरत होतं.

मी म्हणाले, "बाटली माझी हुती, बाई."

त्यांना वाटलं मी पोराला पांघरूण घालतेय. मग मी सगळं सांगितलं. नवस, कोंबडा, टोपलं, परसाद. कोणाच्या हातून ते नाही सांगितलं, त्यांनी विचारलंही नाही. आणि सांगता सांगता जे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं, ते तोंडातून निघालं. "वाट म्या देवासाठी न्हाई राखली. वहिवाट बिहिवाट समदं बोलायचं. मला रोज पोरगं दिसावं म्हनून राखली."

बाईंनी थंड झालेला चहा उचलला आणि प्यायला. जाताना एवढंच म्हणाल्या, "त्याला आधी पुण्याला न्यावं लागेल. नंतरचं नंतर बघू."

नंतरचं नंतर म्हणजे काय, हे विचारायचा धीर झाला नाही मला.

नकाशावाल्या पोरीला मीच बोलावून घेतलं. तोच कागद, तोच वरवंटा. मी बोटानं दाखवलं, गडगा कुठून घालायचा. पागेपासून वाट तोडायची. "मग लोक जाणार कुठून, आजी?" तिनं विचारलं. मी बोट सरकवलं. वाट माझ्या अंगणातून. कपडे धुवायच्या दगडाला वळसा, गोठ्याच्या कडेनं, चुलीच्या दारासमोरून खाली. पोरगी म्हणाली, "तुमचं अंगण अर्धं जाईल." जाईना का! जो कोणी त्या घराच्या अंगानं खाली जाईल, तो माझ्या डोळ्यांसमोरून जाईल.

गावाला सांगणं सोपं नव्हतं. ज्या बायका वाट राखली म्हणून ओटीवर बसल्या होत्या, त्यांनीच, "म्हातारीनं देवाची वाट मोडली," असं म्हटलं. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या दारात उभं राहून विचारलं, "उद्या तुजी तिरडी कुठनं न्यायची?" मी म्हणाले, "अंगनातनंच न्या, जवळ पडंल." तो हसला नाही.

गडगा पुरा झाला तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी कागदावर कळली नव्हती. आता मला पागा दिसत नव्हती. मीच घातलेल्या दगडांपलीकडं गेली ती.

मुलाला बाईंनी परत घेतलं. तीन आठवड्यांनी. मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा. तो आला हे मला कुणी सांगितलं नाही, घोडीनं सांगितलं. सकाळी बादली घेऊन तो पागेत शिरला की ती खिंकाळते. दुसरं कोणी गेलं तर नाही. त्याच्यावाचून तीन आठवडे ती मुकी होती. आता रोज सातच्या आत तिचा आवाज येतो आणि मी चुलीवर चहा ठेवते. माझं त्याच्याशी नातं सध्या एवढंच आहे.

काल सव्वासात झाले, आवाज नाही. साडेसात झाले. चहा दोनदा गरम केला. मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. तो पळाला असेल. पडला असेल. तेवढ्यात वाटेनं जाऊबाई आल्या, डोक्यावर टोपलं, वर पांढरं फडकं. त्या दिवसापासून आम्ही बोलत नव्हतो. देवाकडं निघालेलं टोपलं वाटेत उघडायचं नसतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्या थांबल्या. टोपलं उतरवून माझ्या ओट्यावर ठेवलं आणि तोंड नदीकडं फिरवून उभ्या राहिल्या.

मी फडकं काढलं. नारळ, दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, उदबत्तीचा पुडा. भाकरीखालीही हात घालून बघितला. घातला, खोटं कशाला सांगू. थोरल्या जावेच्या नैवेद्याखाली.

त्या नदीकडं बघतच म्हणाल्या, "आज वरडली न्हाई व्हय गं?"

म्हणजे त्याही ऐकत होत्या. रोज, त्यांच्या दारातून.

"न्हाई अजून," मी म्हणाले.

त्या ओट्याच्या कडेला बसल्या. मीही बसले. दोघींच्या मध्ये उघडं टोपलं. नैवेद्यावर माशा बसत होत्या, कोणी हाकलल्या नाहीत. मग गडग्यापलीकडून ती खिंकाळली. एकदाच, नेहमीपेक्षा बारीक. नंतर बादलीची कडी वाजली.

जाऊबाई उठल्या, टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागल्या. फडकं माझ्या हातातच राहिलं होतं.

"अवं, फडकं!" मी हाक मारली.

"ऱ्हाऊ दे. येताना घिते." दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "आन् परसाद? तो वाटायचा का न्हाई कुनाला?"

"हितं आना," मी म्हणाले. "मलाच द्या समदा."